कपबश्यांची सेवा

रविवार, ४ मार्च
चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश उत्तम. बायबलमधल्या पौलाला हक्क होते. दुसऱ्यांसाठी त्याने ते वापरले नाहीत. बोलताना साहेब सारखे माझ्याकडे पाहत होते. माझ्यात काहीतरी दिसलं असणार. निश्चय: एक हक्क सोडायचा.

मंगळवार, ६ मार्च
हक्कांची यादी केली.
चर्चमधली पंख्याखालची जागा: अशक्य. दम्याचा धोका. (दमा नाही. धोका आहे.)
सूचना वाचणं: मी सोडलं तर मंडळीचंच नुकसान.
उरला उपासनेनंतरचा चहा. आम्हा कमिटीवाल्यांना तो जागेवर मिळतो. सोडला. शिवाय सगळ्यांच्या कपबश्या यापुढे मीच धुणार.
बायको म्हणाली, घरातल्या कपबश्यांपासून सुरुवात करा. तिला अध्यात्म कळत नाही.

रविवार, ११ मार्च
सेवा सुरू. सिंकपाशी मावशी होत्या. म्हाताऱ्या, जवळजवळ बहिऱ्या. अकरा वर्षं कपबश्या त्याच धुतात. म्हटलं, तुम्ही बसा. म्हणाल्या, बसून काय करू? उपदेश मला ऐकू येत नाही, गाणी म्हणवत नाहीत. देवासाठी एवढंच तर करते.
त्यांच्या हातातली घासणी नम्रपणे काढून घेतली. थोडा जोर लावावा लागला.
फुटलेल्या बश्या: तीन. पाहणारे: निदान वीस.

बुधवार, १४ मार्च
पाळकसाहेबांचा फोन. मावशींना करमत नाही, त्यांचं काम त्यांना परत द्याल का? म्हटलं, ‘त्यांचं’ काम? साहेब, ही तर हक्काची भाषा झाली. आपण मावशींसाठी प्रार्थना करू या.
त्यांना तेवढ्यात दुसरा फोन आला.

रविवार, १८ मार्च
मावशी लवकर येतील असा अंदाज होता. म्हणून शेवटचं गीत सुरू होण्याआधीच सिंक गाठलं. सेवेसाठी एवढं सोसावंच लागतं. मावशी दारात थबकल्या. कपांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, बरं बाबा, धू तू. मागच्या बाकावर जाऊन बसल्या.
नम्रतेचा विजय. बाही कोपरापर्यंत भिजली. घरी पोचेपर्यंत वर सारली नाही. लोकांना दिसायला हवी.

शनिवार, २४ मार्च
पाळकबाईंकडून कळलं: उद्या उपदेशात आपल्याच मंडळीतलं उदाहरण येणार. कोणाचं ते सांगेनात. नुसत्या हसल्या.
कोट इस्त्रीला टाकला. बायको म्हणाली, कोट घालून कपबश्या? म्हटलं, सेवक नीटनेटका असावा. ती भांडी घासत होती, त्यामुळे वाद वाढला नाही.

रविवार, २५ मार्च
साहेब म्हणाले, ‘आपल्यातल्या एका व्यक्तीने, जे काही एकच तिचं होतं, तेही कुरकुर न करता दुसऱ्याला देऊन टाकलं.’
मी निम्मा उठलो. हात जोडले.
‘आपल्या मावशी.’
सगळे मागे वळले. मावशींना काहीच ऐकू आलं नव्हतं. शेजारणीने कानात ओरडून सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, मग आता तरी हा मला कप धुऊ देईल का गं?
आता सगळे माझ्याकडे वळले. मी अजून निम्माच उठलेला.
उरलेला उठलो आणि खिडकी उघडायला गेलो.
खिडकी उघडीच होती.