सामाईक भिंत आणि देवयानी

मी, तारांगणाच्या घुमटात अंधार झाला की ऐकू येणारा बाईचा आवाज, आता निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र वकीलबाईंना सांगून लिहून घेते. डॉक्टरांनी हृदयाचं जे सांगितलंय ते मला समजलंय. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणू बघणारे शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यांचं पुढे येईलच.

एक. माझा फ्लॅट आणि बँकेतली ठेव मी धाकट्या बहिणीला देते. ती माझ्याजवळच राहते, सोफ्यांची कव्हरं शिवते. सगळे तिला धाकटी म्हणतात, मीही.

दोन. आमच्या घराला लागून आमच्या थोरल्या भावाचं, दादाचं घर आहे. मधे सामाईक भिंत. ही भिंत माझ्यानंतर कुणी पाडू नये, तिला भोक पाडू नये, पाडायचा विषयही काढू नये.

कारण लिहा म्हटलं. वकीलबाई म्हणाल्या, कारण लागत नाही. मला लागतं. परवा वहिनी चहाला आली आणि साखर पेरत म्हणाली, "वन्सं, पुढेमागे दोन्ही घरं एक केली तर किती हवेशीर होईल. कुणाला धक्कासुद्धा लागणार नाही."

"आणि धाकटीचं मशीन?"

"बाल्कनीत काय छान राहील ते."

पाल चुकचुकली. मशीनची जागा ठरलीय म्हणजे धाकटीचीही ठरलेली असणार.

शिवाय 'धक्का लागणार नाही' हे वाक्य माझं आहे. घुमटात मी ते जन्मभर म्हटलंय. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका चार-पाच अब्ज वर्षांनी एकमेकींत घुसतील, पण घाबरू नका, तारे इतके लांब लांब आहेत की तारा ताऱ्यावर सहसा आदळणार नाही. लोक हुश्श करायचे आणि पुढचं ऐकायचेच नाहीत. पुढचं असं, की दोघी एकमेकींतून आरपार जातील, परत ओढल्या जातील, आणि शेवटी दोघींचीही ती देखणी वळणं मोडून एकच भलामोठा गोळा उरेल. आपला सूर्य त्यात कुठे जाऊन पडेल, सांगता येत नाही. बहुतेक कडेला. बाल्कनीत म्हणा.

तीन. तारे दाखवायची माझी लाल बाणाची टॉर्च घुमटातल्या ऑपरेटरला द्यावी. संचालकांना काही नाही. मी निवृत्त व्हायच्या सुमारास ते म्हणाले, "बाई, 'होणारच' काढा. नवं गणित आलंय, टक्कर होईल किंवा होणारही नाही, असं रेकॉर्ड करा." गणित मी वाचलं, बरोबर वाटलं. पण "होईल किंवा होणारही नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या पायात निघायच्या चपला आधीच चढल्यात का, ते मी बघते. आणि त्या दोघींभोवतीचा विरळ वायू म्हणे बहुधा आत्ताच एकमेकींना टेकलाय. लोक "बघू पुढे" म्हणतात तेव्हा सुरुवात होऊन गेलेली असते.

चार. दुर्बीण दादाला द्यायची होती. आता थांबा. काल कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर दाराएवढी चौकट आखलेली, निळ्या खडूनं. वकीलबाईंना दाखवली आणि त्यांच्यासमोर दादाला बोलावून घेतलं.

"मी नाही आखली," दादा म्हणाला.

"मग भिंतीनं आखली?"

"अगं, तुमच्या बाजूनं आखलीय. मी काय तुमचं कपाट सरकवून मागे जाऊन बसलो होतो?"

मी रेघ जवळून पाहिली. बारीक, सरळ, कापडावर मारतात तशी. असा खडू या मजल्यावर एकीकडेच आहे. आतलं मशीन केव्हाच थांबलं होतं.

"मी आखली, ताई," धाकटी म्हणाली.

"तुला कुणी पढवलं?"

"चौकोन काढायला?"

"विषय बदलू नकोस."

"अख्खी भिंत कुणाला पाडायचीय? एक दार हवंय. तू गेलीस की इकडे दिवसभर नुसतं मशीन वाजणार. पडले-बिडले तर जिन्याकडून वळसा घालून कुणी येईपर्यंत मी काय करू? कुणाचा तरी आवाज यायला हवा गं."

"आणि ते आत घुसले तर?"

"कडी आपल्या बाजूला."

"म्हणजे आमच्या बाजूला नाही?" दादा म्हणाला. "तुझी वहिनी विचारणार."

वहिनीलाही आमचीच धास्ती आहे, हे मला नवीन होतं.

पाच. कलम दोन खोडावं, पण वाचता येईल असं. भिंतीत धाकटीनं आखलंय तेवढंच दार करावं, बोटभरही जास्त नाही. कड्या दोन्ही बाजूंना. मशीन खिडकीपाशी आहे तिथेच राहील. ते हलवायचं की नाही, हे धाकटी ठरवेल, वहिनी नाही. दुर्बीण दादाला, ठीक आहे. आणि दार माझ्यानंतर नको, आत्ताच. कोण कुठून कसं ये-जा करतं ते मला डोळ्यांनी बघायचंय.

सही: ताई
स्थळ: भिंतीची आमची बाजू
तारीख: सुतार माप घेऊन गेला तो दिवस

साक्षीदार: आमचे डॉक्टर, आणि खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही, मी विचारून घेतलंय.

आम्ही दोघं लिहून देतो की सही आमच्या देखत झाली. सहीआधी ताईंनी बहिणीला पुन्हा विचारलं, "नक्की तुझ्याच मनानं ना?" बहीण म्हणाली, "हो. आणि दार झालं की पहिल्यांदा तू जाऊन बस तिकडे. मी मागून कडी लावणार नाही." त्यावर ताईंनी सही केली.