नव्या जिल्ह्याच्या साहेबाला गाव दाखवलं

तीर्थस्वरूप किशनराव दाजींच्या पायी मेव्हणा शेषेरावचा दंडवत. इकडं समदे खुशाल. अक्काचा गुडघा कसा हाय? (तिला म्हणावं, उकिडवं बसून भांडायचं तेवढं बंद कर.)

आता मोठी खबर. तुमच्याकडं बघण्यासारखं काय हाय, असं तुम्ही नांदेडवाले आम्हाला लई दिवस हिणवत आलात. आता आमचा लातूर जिल्हा झालाय, आणि त्या नव्या जिल्ह्याचे साहेब मंगळवारी जीप घेऊन आमचं गाव बघायला आले! सरपंच परगावी, म्हणून दिवसभर साहेबांना फिरवायचा मान उपसरपंच म्हणून मलाच. (आमची कारभारीण शिवकन्या कानाशी पुटपुटत होती, साहेब दुष्काळ बघायला आलेत, टँकर मंजूर करून घ्यायचाय. पण दाजी, पाहुण्यापुढं कोणी घरातली फाटकी गोधडी अंथरतं का?)

जवसाचं फूल दुपारी गळतं, म्हणून आधी चन्नबसप्पाच्या वावरात नेलं. आटत आलेल्या आडाच्या ओलीवर तगलेलं एकच वावर, पण काय निळंशार! साहेब बांधावर उभे राहून बघतच बसले. पुढं रस्त्याला लागून करपलेली ज्वारी होती, तर मी जीप ओढ्यातून वळवली. मग जुनं गावठाण, तिथली दगडी वेस. तिचा इतिहास मी घंटाभर सांगितला (निम्मा खरा होता). मग नदीची घळ. दोन्हीकडून उभे कडे, हाक मारली की आवाज माघारी येतो. साहेबांनी स्वतःच्याच नावानं तीनदा हाक मारली. तळाला कपारीत गुडघाभर पाणी हाय, ते बी दाखवलं. (तिथून एक घागर वर आणायला बायांना दीड तास लागतो, हे सांगायचं राहून गेलं.) दुपारी धपाटे, ठेचा, ताक.

साहेब लई खूश. तलाठ्यानं अहवाल वाचून दाखवला: पिकं फुलोऱ्यात, पाणी समाधानकारक, निसर्ग रमणीय. ऐकून माझी छाती भरून आली. खाली शेवटची ओळ होती, टँकर नामंजूर.

खरं सांगतो दाजी, त्या वेळी मान वर होईना. आड आटलाय, आणि परवा शेजारची चांगुणा घागरीसकट घळीत घसरली, पाय मुरगळला. पण आमची घळ सरकारी कागदावर रमणीय म्हणून चढली. तुमच्या लोह्याला जमलंय का हे?

आपला,
शेषेराव (उपसरपंच)

ता. क. तुमच्या विहिरीला पाणी असेल तर आमची म्हैस उन्हाळाभर तिकडं बांधून घ्या. वर लिहायला लाज वाटली.

ता. क. दुसरी. दाजी, मी शिवकन्या लिहिते. आमचे हे पाकीट आणायला गेलेत. आम्ही बाया रिकाम्या घागरी घेऊन तहसिलीत बसलो आणि फेरपाहणी मंजूर करून आणली. सोमवारी दुसरे साहेब येतेत. हे अजून ह्यांच्या कानावर घातलं न्हाई. म्हशीसंगं ह्यांनाच पाठवतेय. टँकर गावात येईस्तोवर म्हैस सोडली तरी चालंल, ह्यांना सोडू नका.