पॉलिसीवरचं नाव

४ ऑगस्ट, जुन्नर

सुदर्शनचं हार्टचं ऑपरेशन बारा तारखेला, पुण्यात. दवाखान्याचे जुने रिपोर्ट शोधायला कपाट उपसलं. त्यात त्याची विम्याची पॉलिसी सापडली. पंचवीस लाखांची. नॉमिनी — प्रयागबाई. म्हणजे सासूबाई. मी नाही. आमचा मुलगा शौर्यही नाही.

हे आता विचारायचं कसं? माणूस ऑपरेशनला निघालाय अन् बायको पॉलिसी वाचतेय.

५ ऑगस्ट

विचारलं नाही.

७ ऑगस्ट

जेवताना विचारलंच. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "लग्नाआधीची हाय ती. बदलायचं राहून गेलं."

पॉलिसी २०२१ची. आमचं लग्न २०१५चं. मी तारखेवर फक्त बोट ठेवलं.

"मी मरायची वाट बघती व्हय?"

शौर्य ताटावरून उठून गेला.

८ ऑगस्ट

अबोला. गोळ्या दिल्या, पाणी दिलं, बस. चार वर्षं हप्ते भरले ते माझ्या शिलाईच्या पैशातून. तरी माझ्यावर एवढाही भरवसा नाही?

१० ऑगस्ट

एजंट चिमाजीभाऊंना गाठलं. "नाव बदलता येतंय वहिनी. पण सही त्यांचीच लागंल." मी फॉर्म घेऊन घरी आले. पर्समध्ये ठेवताना सासूबाईंनी पाहिलं. तोंड फिरवून आत गेल्या. मलाही त्यांच्याकडं बघवेना. यांनीच लेकाचे कान भरले असणार — दिवसभर तेच डोक्यात.

१२ ऑगस्ट, पुणे

सकाळी दवाखान्यात सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मीच सांगितलं व्हतं त्याला, माझं नाव घाल म्हणून. त्याचा बाप गेला तवा सगळं पैसं दिरानं उचललं. ह्याला घिऊन मी लोकांच्या दारात भाकरी मागितली. म्हातारपणी परत ती पाळी नको, एवढंच व्हतं डोक्यात." मग खाली बघत म्हणाल्या, "तुझ्यावर बी तीच येळ येईल, ह्ये ध्यानातच आलं न्हाई गं. आण तो कागद."

सुदर्शनच्या हातात पेन त्यांनीच दिला. आम्हा दोघींची नावं, निम्मं निम्मं. सही करून त्यानं आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

त्याला आत नेलंय. दार लागलं तसा सासूबाईंनी माझा हात धरला. अजून सोडलेला नाही. डाव्या हातानं लिहितेय.