कुलपातली स्टुलं

ता. ३

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

लिहायचं लिहायचं म्हणत दोन महिने गेले. आधी शाई नव्हती, मग पत्ता सापडेना. मंत्र्याचा पत्ता कुणालाही विचारता येतो, हे फार उशिरा सुचलं.

सध्या साबणाच्या कारखान्यात आहे. वास असा, की भातसुद्धा फेसाळ लागतो. ते असो. वड्या बांधणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असतात. त्यांच्यात एक आजी आहे, संध्याकाळी तिचे पाय चपलेत मावत नाहीत. उभ्यानं काम करणाऱ्याला स्टूल द्यायचंच, हा तुमचाच कायदा ना? स्टुलं आलीत की! कोठीत, कुलपात. इन्स्पेक्टर यायचा असला की बाहेर निघतात, तो गेला की आत.

मी तुमचा भाचा, हे इथं कुणाला ठाऊक नाही. न सांगता एकदा याच. मामीला नमस्कार.

तुमचा,
भोवरा

ता. ८

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

जन्मात एका जागी बूड टेकलं नाहीस, आणि आता बसायच्या हक्कासाठी भांडतोस! मामी पोट धरून हसली.

पूर्वी घरचं स्टूल कारखान्यांच्या फाटकाशी टाकून त्यावर उभा राहून कामगारांशी बोलायचो. तुरुंगात जायलाही कुणाची परवानगी लागत नव्हती. आता मी निघायच्या आधी वर्दी पोचते. इन्स्पेक्टर पाठवतो. हे ऐकल्यापासून मामी माझ्याशी बोलत नाही.

एवढ्यात पळू नकोस.

तुझा,
मामा

ता. १४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

इन्स्पेक्टर आला, खूश होऊन गेला. स्टुलं उचलायला माणसं आली, तर आजी उठेचना. म्हणाली, गुडघे ऐकत नाहीत. मग कुणाचेच ऐकेनात! मीही बसलो. मालकाचा निरोप आलाय, भोंग्याच्या आत उठा, नाहीतर उद्यापासून घरीच बसा. निम्म्या उठल्या. त्यांना काय बोलणार, घरी पोरं आहेत. आजी माझ्याकडे बघतेय आणि माझे पाय दाराकडे ओढताहेत. त्यांना दाबून ठेवायला मांडीवर कागद घेऊन हे लिहितोय.

थांबा, फाटकाशी गडबड आहे.

मामा, मामी आलीय! एकटी, काखेत तुमचं ते जुनं स्टूल. उठलेल्यांच्या मधोमध टाकून बसलीसुद्धा. पहारेकऱ्यानं कोण म्हणून विचारलं, तर तुमचं नाव नाही घेतलं. भोवऱ्याची मामी, म्हणाली.

बायका परत बसताहेत. भोंगा व्हायचाय. लोभ असू द्या, मी जागेवरच आहे.

भोवरा