तळ्याकाठचा भात

मॉरिसव्हिल,
१२ सप्टेंबर २०२५

चि. पुरुषोत्तमास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते. त्यातून नसते घोटाळे होतात, तेव्हा आपली जुनी पत्रांची सवयच बरी. माझा गुडघा ठीक आहे. टोमॅटो इतके आलेत की शेजारच्या प्रीताच्या दारात पिशवी ठेवून मी पळ काढते.

तू बाहत्तराव्या वर्षी शिकाऱ्यांच्या सेफ्टी क्लासला बसलास हे मी इथल्या मंडळात सांगितलं, तर सगळ्या हसून दमल्या. बारा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर परीक्षा दिलीस आणि चौऱ्याण्णव मार्क मिळवलेस म्हणे. आपल्याकडे कुणी अंडं शिजवलं तर आई ते पातेलंच वेगळं काढायची, आणि तिचा मुलगा बदकांवर नेम धरणाऱ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसतो. तू स्वतः बंदूक हातात घेत नाहीस, तेवढं तरी बरं. चेष्टा पुरे. संध्यासारखी बायको गेल्यावर तू घराबाहेर पडत नव्हतास. तुला उठवून नेलं ते शेजारच्या त्या आर्नेनं, हे मी विसरलेली नाही. त्याला माझा नमस्कार सांग.

आता कामाचं. एकवीसला सर्वपित्री आहे. गेल्या वर्षी तू अंगणात संध्याचं पान ठेवलंस, त्याला कोणी शिवलं नाही आणि तू दिवसभर उपाशी राहिलास. या वेळी भात पाण्याकाठी नेऊन ठेव. कावळाच आला पाहिजे असा हट्ट नको. जो पक्षी येईल तो आपला समज.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती काही दर पत्रात लिहायला नको.

तुझी,
इलाताई


मिनेसोटा,
२५ सप्टेंबर २०२५

ती. इलाताईस,
शि. सा. नमस्कार.

तू म्हणालीस तसं केलं. सर्वपित्रीला भात, वडा, खीर, सगळं जमेल तसं केलं. खीर जरा लागली. घरांच्या बाजूला पक्ष्यांना खायला घालायचं नाही असा आमच्या असोसिएशनचा नियम आहे, कारण हंस लॉनवर घाण करतात. म्हणून मी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, गवतात गेलो. तिथं आर्नेनं शिकारीसाठी आडोसा बांधला आहे, बाकी कोणी फिरकत नाही. पान ठेवून मागे वळतोय तोच रानहंसांचा थवा उतरला. ताई, दहा मिनिटांत पान साफ. मी तिथंच बसून रडलो आणि घरी येऊन पोटभर जेवलो. तेव्हापासून रोज थोडा भात नेऊन टाकतो. आता बदकंही येतात. संध्याशी बोलल्यासारखं वाटतं.

शनिवारपासून बदकांच्या शिकारीचा मोसम सुरू होतोय. आर्ने मुलीकडे डुलुथला गेला आहे, तो शुक्रवारी रात्री येईल. नवी वसाहत झाल्यापासून इथं बंदुकीचा आवाज म्हटला की लोक दचकतात. म्हणून दरवर्षी घरोघर जाऊन सह्या घ्याव्या लागतात, मगच परवानगी मिळते. आपल्या लोकांच्या सह्या मी आणतो. काका, तुम्ही म्हणताय म्हणून देतो, असं म्हणत ते सही करतात. आणि आर्नेनं तो विश्वास कधी मोडलेला नाही. घरांकडे पाठ केल्याशिवाय तो बंदुकीत काडतूस भरत नाही. पक्षी ओळखता आला नाही तर जाऊ देतो. पाडलेला पक्षी सापडेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात शोधतो, आणि साडेआठच्या आत सगळं आवरतो, शाळेची बस यायच्या आधी. गेली पन्नास वर्षं त्याच्या नावावर एक साधी ताकीदसुद्धा नाही, हे तो मला महिन्यातून एकदा तरी ऐकवतो. संध्यानं शिकवलेला भात तो अजून रोज शिजवतो. ईडन प्रेरीच्या दुकानातून त्याच्यासाठी बासमतीची गोणी मीच आणतो.

तुझ्या आशीर्वादानं दिवस बरे चाललेत. ते तसेच पाठवत राहा.

तुझा,
पुरू


मिनेसोटा,
२ ऑक्टोबर २०२५

ती. इलाताईस,
शि. सा. नमस्कार.

माझ्या हातून फार वाईट घडलं आहे. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितो.

शनिवारी मी आडोशात शेजारी बसलो असताना आर्नेनं दोन बदकं पाडली. तेवढ्यात शिकार तपासणारी अधिकारी आली. तरुण मुलगी, बोलायला अगदी नम्र. तिनं लायसन्स पाहिलं, काडतुसं पाहिली आणि काठाकाठानं चालत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातमोज्यावर भाताची शितं होती. मग तिनं एका बदकाची अन्नपिशवी उघडली. त्यातही भातच.

दाणे टाकून जमवलेल्या पक्ष्यांची शिकार करणं हा इथं गुन्हा आहे. टाकलेलं सगळं संपलं तरी पुढे दहा दिवस त्या जागी बंदूक चालवता येत नाही. मला हे माहीत होतं, ताई. परीक्षेत हा प्रश्न होता आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं. पण ते दाणे मक्याचे, शिकाऱ्यानं लबाडीनं टाकलेले, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. संध्याचा भात म्हणजे तेच, हे एकदाही मनात आलं नाही.

तिनं आर्नेला विचारलं, तुमच्या घरी भात शिजतो का. तो म्हणाला, रोज शिजतो. मग तिनं मला विचारलं, तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे का. मी नाही म्हणालो. समोर ती संध्याच्या श्राद्धाचा भात पुरावा म्हणून पिशवीत भरत होती आणि माझ्या तोंडून नाही एवढंच निघालं. आर्नेवर केस झाली आहे. घरी येताना त्यानं गाडीत मला तीनदा विचारलं, असं कोण करेल.

रागावलीस तरी पत्र टाक. तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझा,
पुरू


मॉरिसव्हिल,
१० ऑक्टोबर २०२५

चि. पुरुषोत्तमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भात पाण्याकाठी ने, असं मीच लिहिलं होतं, तेव्हा यातला अर्धा दोष माझा. पण त्या मुलीला तू नाही म्हणालास, तो दोष मला वाटून घेता येत नाही.

चाळीस वर्षं दवाखान्यात मी दुखणं लपवणारी माणसं पाहिली. आज जे दोन टाक्यांत निभलं असतं, ते महिन्यानं हात कापण्यावर जातं. तू आत्ता उठ आणि पलीकडे जा. तो ओरडेल, कदाचित दार लावून घेईल. तरी त्याचं नाव स्वच्छ होईल. तुझ्याशी बोलायचं की नाही ते तो ठरवेल.

मला तुझी लाज वाटत नाही, काळजी वाटते. गेल्या गेल्या कळव.

तुझी,
इलाताई


मिनेसोटा,
९ नोव्हेंबर २०२५

ती. इलाताईस,
शि. सा. नमस्कार.

महिनाभर तुला उत्तर दिलं नाही, त्यावरून तू ओळखलंच असशील.

चार वेळा गेलो. दर वेळी त्यानं कॉफी ओतली, मी प्यायलो आणि परत आलो. ताई, तो सोडला तर इथं मला हाक मारणारं कोणी नाही. तो गेला तर मी कोणाच्या दारात उभा राहू? हे कारण किती हलकं आहे ते मला कळतं.

मंगळवारी असोसिएशनची मीटिंग झाली. आमचा प्रेसिडेंट राजेश माणूस वाईट नाही. तो म्हणाला, आम्ही शिकारीला नाही, एका माणसाच्या शब्दाला परवानगी दिली होती. आता इथली शिकार कायमची बंद झाली आहे. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून सह्या केल्या, ते येऊन माझ्याच खांद्यावर हात ठेवत होते. काका, तुम्हालाही फसवलं ना त्यानं, असं म्हणत होते.

आणि मग आर्ने बोलायला उभा राहिला. तो म्हणाला, पलीकडच्या टोकाला आडोसा माझा एकट्याचा आणि भात माझ्याच घरात शिजतो, म्हणजे उरलेला भात मीच नेऊन टाकला असणार. मला ते आठवत नाही, असं म्हणाला, आणि मला भीती त्याचीच वाटते. त्याची बायको सहा वर्षं एकेक गोष्ट विसरत गेली, हे मी तुला पूर्वी कळवलं होतं. आता त्यानं शेगडीवर चिठ्ठी लावली आहे. गाडी चालवत नाही. एखादी गोष्ट सांगितली की विचारतो, मी हे तुला आधी सांगितलं होतं का.

त्याची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. हे फक्त मला ठाऊक आहे.

मला काय लिहायचं ते लिही. तुझा हक्क आहे.

पुरू


मॉरिसव्हिल,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. पुरुषोत्तमास,
आशीर्वाद.

हे पत्र एक्स्प्रेसनं पाठवतेय. एका शहाण्या माणसाला आपण वेडे होत चाललोय असं वाटतंय आणि तू त्याच्या टेबलाशी कॉफी पितोस. माझ्या भावाला मी असं वाढवलं नव्हतं. पत्र मिळताच चपला घाल आणि जा. कोट नंतर.

इलाताई


मिनेसोटा,
५ डिसेंबर २०२५

ती. इलाताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी गेलो. दारात खोकी होती. त्याची मुलगी आली होती. त्यानं घर विकायला काढलं आहे, बंदुका कुणाला तरी देऊन टाकल्या, आणि कुत्रीसुद्धा डुलुथच्या एका कुटुंबाकडे पोचवली, मी तिला खायला घालायचं विसरलो तर काय, असं म्हणत. ज्यांची आठवण जाते अशांसाठीच्या एका घरात त्यानं स्वतःहून खोली घेतली आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानानं उत्तम आहे. त्यावर तो म्हणाला, बायकोच्या वेळीही पहिल्यांदा असंच सांगितलं होतं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सर्वपित्री म्हणजे काय, भात का, तिथंच का, रोज का, आणि त्या मुलीला मी नाही का म्हणालो. काही ठेवलं नाही. तुझं सप्टेंबरचं पत्र पुढे केलं. त्याच्या मुलीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. मराठी अक्षरं, तिला काय कळणार.

आर्नेनं माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो ओरडेल याची मी वाट पाहत होतो. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मुलीला म्हणाला, बघ, हा माझ्यासाठी काय काय स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार आहे. मी शपथ घातली, संध्याची घातली. तो मलाच समजावत राहिला की तू वाईट वाटून घेऊ नकोस. नोव्हेंबरपर्यंत गप्प बसलेल्या माणसाचं आता कोण खरं मानणार? त्या अधिकारी मुलीला मी लेखी कळवलं. तिनं ते फायलीला लावलं आणि केस काढून घेतली. तो कागद त्याला नेऊन दाखवला, तर तो म्हणाला, माझ्यासाठी तू सरकारशीसुद्धा खोटं बोललास.

आता दर बुधवारी त्याला भेटायला जातो. पहिल्याच दिवशी त्यानं मला हात धरून जेवणघरात नेलं आणि एकेका टेबलाशी थांबून माझी ओळख करून दिली. हा पुरू, माझा गुन्हा स्वतःवर घ्यायला निघालेला एवढाच एक मित्र. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघतात. दर बुधवारी तो हेच सांगतो, आणि कधी एक शब्दसुद्धा विसरत नाही.

तुझ्या मायेवर माझा हक्क उरला आहे की नाही ते तूच ठरव.

तुझा,
पुरू