पांढऱ्या अक्षरांचे टायर

प्रिय दत्ता,

हे पाकीट हातात पडलं की तू आधी ते उलटसुलट करून बघशील आणि म्हणशील, व्हॉट्सअ‍ॅप असताना ही बाई पोस्टाच्या वाटेला कशाला गेली. कारण आहे, शेवटी सांगते. मधलं गाळून तिकडे पळू नकोस. गणपतीच्या आधी तू मस्टँगच्या मागच्या टायरचा फोटो पाठवलास, कडेला पडलेली चीर बोट जाईल एवढी, आणि खाली लिहिलंस, ‘आता असले टायर कुठं मिळत नाहीत. पुण्याचा एकजण दसऱ्याला गाडी न्यायला येतोय. देऊन टाकू का? बघून सांग.’ मग तू नुसती प्रश्नचिन्हं पाठवलीस आणि मी इथल्या, आयर्लंडमधल्या गॉलवेच्या हवेबद्दल काहीबाही लिहून वेळ मारून नेली. तुला वाटलं असेल, टाळतेय. टाळत नव्हते, बघत होते.

गेल्या दसऱ्याची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती. विवेक असताना दसऱ्याला आमच्याकडे घरभर माणसं असायची. तो गेला, मग आमची लेक रेवाही नोकरीसाठी डब्लिनला गेली, आणि सण माझ्या एकटीपुरता उरला. तरी गाडीची पूजा मी सोडली नाही. कारखान्यातून अर्धी रजा काढली, कुंडीतल्या झेंडूचा हार टोयोटाला घातला, चाकांखाली लिंबं ठेवत होते, तर समोरचा फिंटन कंपाउंडवर कोपरं टेकून बघत उभा. जन्मभर लॉऱ्या दुरुस्त करून आता निवृत्त झालेला, बायको नसलेला, गप्पिष्ट माणूस. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं. म्हटलं, जी वर्षभर आपल्याला नेते-आणते तिला एक दिवस नमस्कार. त्याला ते इतकं पटलं की माझ्याही गाडीला करशील का म्हणाला. मला वाटलं, असेल एखादी जुनी व्हॅन. त्याने गॅरेजचं दार वर केलं आणि माझ्या हातातलं तबक कलंडलं. तीच रे, मस्टँग. तुझी निळी, त्याची हिरवी, एवढाच फरक.

कुंकवात बोट बुडवून बॉनेटवर स्वस्तिक काढायला निघाले होते, तेवढ्यात भान आलं की इथे लोक त्याचा भलताच अर्थ लावतील. मग ‘श्री’ काढला. फिंटनला काय, तो खूश. पुढे लिंबू ठेवायला वाकले ती तिथेच बसून राहिले. टायर तसेच होते. रुंद, गुबगुबीत खांद्यांचे, आणि कडेला उठावाची जाड पांढरी अक्षरं. हल्लीच्या गाड्यांना मोठ्या थोरल्या रिमा आणि त्यांच्याभोवती पापडासारखे टायर असतात, ते बघून बघून मी विसरलेच होते की टायरलाही अंग असायचं. मी त्या अक्षरांवरून हात फिरवला. फिंटन मागे उभा होता म्हणून, नाहीतर मी रडले असते. खरं सांगायचं तर घरी येऊन रडलेच.

तुझ्या बाबांनी ती गाडी मुंबईच्या वकिलातीतल्या एका साहेबाकडून घेतली, तो बदलून गेला तेव्हा. कॉलेज सुटलं की आमचा सगळा घोळका उद्यमनगरातल्या तुमच्या गॅरेजात यायचा, आणि संध्याकाळ झाली की मी एकटीच उरायचे. टायरची अक्षरं पिवळी पडली म्हणून मी शाळेच्या बुटांना लावायची सफेदी आणून ब्रशने भरत बसायचे. पंचगंगेच्या पुलावर पाणी उडालं की सगळं ओघळायचं, आणि तू म्हणायचास, तुझी गाडी रडायला लागली बघ. तुझी म्हणायचास. ते टायर जुन्या नायलॉनच्या धाग्यांचे. रात्रभर उभे राहिले की खालून चपटे व्हायचे आणि सकाळी गाडी धडधडत, गचके देत निघायची. पहिल्यांदा मी घाबरले, चाक निखळतंय म्हणून ओरडले. तू हसून सांगितलंस, ‘काय होत नाही गं. उभं राहिलं की चपटं होतंय. जरा ताप धरू दे, आपोआप गोल होतंय.’ आणि खरंच, पुलापर्यंत गेलो की गाडी लोण्यासारखी चालायची.

आणि ती उजवीकडची सीट! गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे आपल्याकडे जिथे चालवणारा बसतो तिथे मी बसलेली, मांडीवर शेंगांचा पुडा. भवानी मंडपापाशी माणसं वळून बघायची की ही पोरगी हात सोडून गाडी कशी हाकते. पण त्या सीटचं एक काम होतं. पुढे ट्रक किंवा उसाची ट्रॉली आली की डावीकडून तुला समोरचं काहीच दिसायचं नाही. तू गाडी जराशी बाहेर काढून म्हणायचास, ‘बघून सांग.’ मी मान बाहेर काढून बघायचे आणि सांगायचे, ‘थांब,’ नाहीतर, ‘मोकळं आहे, घे.’ मी घे म्हटलं की तू घ्यायचास. एकदाही पुन्हा विचारलं नाहीस. आई-वडिलांनी, नवऱ्याने, कारखान्यातल्या साहेबांनीसुद्धा मला खूप मान दिला, नाही असं नाही. पण माझ्या एका शब्दावर असा जीव कोणी टाकला नाही.

पूजा झाल्यावर फिंटन मला क्लिफ्डनच्या रस्त्याला फिरवायला घेऊन गेला. इथेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तेव्हा मी पुन्हा उजवीकडे. गाडी बरेच दिवस उभी होती. निघताना तिने तसेच गचके दिले आणि मी एकटीच हसत सुटले. पुढे काळ्या प्लास्टिकात बांधलेले गवताचे गुंडाळे लादलेला ट्रॅक्टर आला. फिंटन डावीकडून मान वाकडी करतोय, काही दिसत नाही. मी काच खाली केली, बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘मोकळं आहे, घे.’ मराठीत. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने गाडी घेतली. मग त्याने विचारलं, हे तू आधी कोणासाठी करत होतीस? त्या रात्री तुला त्या टायरांचा पहिला फोटो पाठवला.

तेव्हापासून वर्षभर आपण काय बोललो, सांग बरं. टायर. हवा किती ठेवतोस, नक्षी कुठली, ट्यूब घालतोस का. पन्नाशी उलटलेली दोन माणसं रोज उठून टायरांवर बोलतात, आणि एकाचीही हिंमत होत नाही की जेवलीस का, झोप लागते का, एवढं तरी विचारावं. तू लग्न केलं नाहीस, हे मला आपल्या घोळक्यातल्या केदारकडून कळलं. तो नेहमीप्रमाणे थट्टेत म्हणाला, दत्ताने गाडीशीच संसार मांडलाय. मी हसले नाही.

तुझा फोटो आला तेव्हा फिंटनकडे गेले. इंग्लंडमध्ये एकजण अजून जुन्या साच्यांतून थोडेथोडके टायर काढतो. त्याच्यामागे लागून तुझ्या मापाचे चार मागवले. गेल्या आठवड्यात आले. मागच्या शेडमध्ये ठेवलेत, भिंतीला टेकवून. अक्षरं अशी पांढरी की सफेदी लावायची गरज नाही. रेवा शनिवारी आली होती, कुदळ काढायला शेडमध्ये गेली आणि तिथूनच इकडच्या पोरांसारखी ओरडली, ‘मॅम, हू आर दीज फॉर?’ मी म्हटलं, एका मित्राच्या गाडीसाठी, कोल्हापूरला. मग मराठी कळत असूनही जी कधी बोलत नाही, ती माझी लेक म्हणाली, ‘आई, तू त्याला ये म्हण ना.’

विवेकशी माझा संसार चांगला झाला, दत्ता. तो खोटा ठरवून मी हे लिहीत नाही. पण एक गोष्ट मला सारखी आठवते. माझं लग्न ठरल्यावर आपण शेवटचं पन्हाळ्याला गेलो होतो. उतरताना पुढे उसाची ट्रॉली. तू म्हणालास, ‘बघून सांग.’ लांबपर्यंत रस्ता रिकामा होता. मी म्हटलं, ‘मोकळं आहे, घे.’ आणि तू घेतली नाहीस. गाव येईपर्यंत तिच्यामागे रांगत राहिलास. मी चिडले, लक्ष कुठाय तुझं म्हणाले. लक्ष कुठे होतं, ते मला कळायला फार वर्षं गेली. तुला ती वाट संपवायची नव्हती. मलाही नव्हती रे.

आता पोस्टाचं कारण. व्हिसाला सही केलेलं निमंत्रण लागतं, ते या पाकिटात आहे. पुण्याच्या माणसाला गाडी विकायची नाही म्हणून सांग. टायर मी पाठवणार नाही. ते न्यायला तू स्वतः यायचंस. विमानात कसे न्यायचे ते आपण बघू, आणि नाहीच जमलं तर ते माझ्या शेडमध्ये राहतील आणि तूही घाई करू नकोस. सुरुवातीला आपल्याला बोलता येणार नाही, गचके बसतील, इतकी वर्षं एका जागी उभे आहोत दोघं. बसू देत. गाडी द्यायची का, हे तू कोणालाही विचारू शकला असतास. पण ‘बघून सांग’ हे तू जगात एकाच माणसाला म्हणतोस. म्हणून मी नीट बघितलं, या वेळी अगदी लांबपर्यंत. समोर कोणी नाही. मोकळं आहे, दत्ता. ये.

अजून उजवीकडेच बसलेली,
तुझीच,
संध्या