पुढच्या धड्यातलं उत्तर

बाई, तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आता लिहिते आहे तेही तुमची फार आठवण येते म्हणून नाही, राग आला आहे म्हणून. घरात हा राग ऐकायला कुणी उरलं नाही. मुलगा म्हणतो, "आई, आता बस कर," सून टीव्हीचा आवाज वाढवते, आणि जिच्यासाठी मी भांडून आले ती नात सकाळीच पेपरला गेली. तुम्ही चौथीपर्यंत शिकवलंत तेवढ्याच अक्षरांवर लिहिते आहे. चुका असतील. आता काही त्यावर लाल शाई फिरवायला येत नाही तुम्ही.

नात नववीत आहे. शाळा हजिऱ्यातच, आमच्या मोहल्ल्यात, घरापासून चालत जाण्यासारखी. तिथे कंप्यूटर शिकवतात. शिकवतात म्हणजे काय करतात ते मी पालकांच्या मीटिंगला जाऊन बघितलं. एक खोली आहे, तिला कुलूप. आत कंप्यूटर ओळीने मांडलेले आणि त्यांच्यावर चादरी, जुन्या पडद्यांच्या शिवलेल्या. चपला बाहेर काढायच्या. वसंतपंचमीला चादरी काढतात, हळदकुंकू लावतात, हार घालतात आणि परत झाकून ठेवतात. मी नातीला विचारलं, "देवळात निदान घंटा तरी वाजवू देतात, इथे काय करू देतात?" तर म्हणते, "आजी, धीरे बोल ना, सर सुन लेंगे." बाकी सगळं कॉपीत, म्हणजे वहीत, चालतं. सर फळ्यावर प्रोग्राम लिहितात, मुली तो कॉपीत उतरवतात, घरी पाठ करतात आणि परीक्षेत परत उतरवून येतात. चूल न पेटवता वर्षभर स्वयंपाक शिकवायचा आणि शेवटी भाजी कशी झाली ते कागदावर लिहून घ्यायचं, असली ही तऱ्हा.

प्रोग्राम म्हणजे काय ते मला नातीनेच सांगितलं. मशीनला काम सांगायची चिठ्ठी. जे लिहाल तेच ते करतं, मनाचं काही करत नाही. म्हटलं, बरंय, घरातल्या माणसांपेक्षा बरं. तर सहामाहीत प्रश्न आला की कुठल्याही आकड्याचा पाढा मशीनकडून लिहवून घ्या. सरांनी वर्गात जो प्रोग्राम दिला होता त्यात दहा ओळी, एकाखाली एक. आकड्याला एकाने गुण आणि लिही, आकड्याला दोनाने गुण आणि लिही, असं दहापर्यंत. नातीने तेच काम दोन-तीन ओळींत केलं. तिने लिहिलं की एकापासून दहापर्यंत हेच करत जा. यात मला न कळण्यासारखं काय आहे? मी सुनेला पहिली पोळी लाट, मग दुसरी लाट, मग तिसरी लाट असं सांगत नाही. दहा लाट म्हणते. (ती आठच लाटते, तो वेगळा विषय.)

सरांनी त्या उत्तरावर आडवी रेघ मारली आणि शून्य दिलं.

पोरगी तीन दिवस धड जेवली नाही. तिला अकरावीत कंप्यूटर घ्यायचा आहे, आणि त्या शाळेत नववी-दहावीत या विषयात चांगले नंबर असतील तरच तो मिळतो. नाहीतर मुलींना होम सायन्स. म्हणजे जे मी आयुष्यभर फुकट केलं ते ती फी भरून शिकणार. ते शून्य म्हणून लागलं तिला. बापाचा मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. त्यात काहीतरी आहे, त्यात प्रोग्राम लिहिला की तो चालतो. तिने आपला लिहिला आणि म्हणाली, "आजी, कोई भी नंबर बोल." मी म्हटलं, एकोणतीस. झरझर खाली उतरला सगळा पाढा. मी एकेक ओळ तोंडाने म्हणत ताडून बघितली. सगळा बरोबर. "बरोबर आहे गं," म्हटलं, तर रडायलाच लागली. "मग सरांनी काटलं का?" उत्तर नसलं की मला राग येतो, ते तुम्हाला माहीत आहे.

एकोणतीसच का म्हटलं तेही तुम्हाला माहीत असणार. आमच्या बिड़ला नगरच्या शाळेत तुम्ही चौथीला पाढे घेत होतात, तीसपर्यंत, सगळ्यांना उभं करून. मला विचारलंत, एकोणतीस आठे? मी पाढा न म्हणता दोनशे बत्तीस म्हटलं. तुम्ही म्हणालात, पहिल्यापासून म्हण. मला पहिल्यापासून येत नव्हता. मी सांगितलं की तीस आठे दोनशे चाळीस आणि त्यातून आठ काढले. तुम्ही विचारलंत, "कुणी शिकवलं हे?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग कुणी न शिकवलेलं इथे बोलायचं नाही," म्हणालात आणि हातावर पट्टी मारलीत. दोनदा. दुसऱ्यांदा का, ते मला अजून कळलं नाही. उत्तर तर बरोबर होतं.

असो. मी शाळेत गेले. नात मागून ओढत होती, "आजी, प्लीज़, मेरी बेइज़्ज़ती हो जाएगी." म्हटलं, तू बाहेर थांब, तुझी बेइज्जती बाहेर, माझी आत. सर म्हणजे माझ्या मुलापेक्षा लहान, वाळका, शर्टाच्या खिशात तीन पेनं. खुर्ची पुढे केली.

"अम्माजी, बैठिए."

"बैठने नहीं आई. यह गलत कैसे है, समझाओ." मोबाइल पुढे धरला. त्याने हातात घेतला नाही, लांबूनच मान हलवली.

"अम्माजी, यह लूप है. लूप अगले चैप्टर में है."

"तो अगले चैप्टर तक लड़की को भोली बनके बैठना है क्या?"

मागे बसलेल्या एक मॅडम हसल्या. सरांचे कान लाल झाले. मी म्हटलं, तुमचं मशीन उघडा, दोन्ही चालवून बघू, तुमचंही आणि हिचंही. तर म्हणे खोलीची चाबी प्रिंसिपल साहेबांकडे आहे आणि ते ट्रेनिंगला गेले आहेत. "काहे की ट्रेनिंग?" मी विचारलं. त्याने खिशातली पेनं चाचपली. "कंप्यूटर की," म्हणाला. बाई, मी देवाधर्माला फारशी जात नाही, पण त्या वेळी तोंड आवरायला मला रामाचं नाव घ्यावं लागलं. तरी जे बोलायचं ते बोललेच. म्हटलं, तुम्ही मास्तर आहात की उतरवून घेणारे कारकून? मूल तुमच्यापुढे पळालं तर त्याचे पाय मोजायचे की बांधायचे? चूक नुसती ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडायला मजा येत नाही. मी निघाले.

फाटकापाशी तो मागून आला. हळूच म्हणाला, "अम्माजी, बच्ची का सही है. मैंने घर जाके चलाके देखा था. मेरे वाले से अच्छा है."

"तो नंबर दो."

"मैं तो संस्कृत का हूँ. कंप्यूटर वाले सर चले गए तो मुझे दे दिया. ऊपर से कॉपियाँ देखने आते हैं, जो जवाब छपा हुआ आया है उससे मिलाते हैं. नहीं मिला तो मुझसे पूछेंगे, और मुझे समझाना नहीं आएगा." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "वार्षिक में यही सवाल आएगा. उससे कहिए, मेरा वाला लिख दे. पूरे नंबर दूँगा."

आणि बाई, तिथे फाटकात, टेंपोच्या धुरात उभी असताना मला त्या पोराचा राग येईनासा झाला आणि तुमचा आला.

कारण पट्टी मारलीत त्याच आठवड्यात तुम्ही मला जयेंद्रगंजात तुमच्या घरी बोलावलं होतंत. आईने लोणच्याची बरणी दिली होती ती पोचवायला म्हणून. तुम्ही पोळ्या करत होतात. बरणी घेतलीत आणि म्हणालात, "बस. ते तीसवालं पुन्हा सांग." मला वाटलं पुन्हा मार. पण तुम्ही पोळपाटावर पीठ पसरलंत आणि बोटाने आकडे काढायला लागलात. मी सांगत होते, तुम्ही लिहीत होतात. मग तुम्ही आपणहून एकोणचाळीस साते करून बघितलं, चाळीस साते दोनशे ऐंशी, वजा सात, दोनशे त्र्याहत्तर. आणि हसलात. तव्यावरची पोळी करपली तरी लक्ष नव्हतं. तुम्ही कशा हसता ते मी तोवर बघितलंच नव्हतं. मला गूळ लावून पोळी दिलीत, चांगली, करपलेली नाही. मी म्हटलं, "मग मारलंत का?" तुम्ही हाताने ते पीठ पुसून टाकलंत. म्हणालात, "साहेब तपासायला येतात तेव्हा पाढाच म्हणवून घेतात गं. वर्गात पाढाच म्हणायचा."

ती गूळपोळी मी खाल्ली, गोड लागली, खोटं कशाला बोलू. पण ती वर्गात द्यायला हवी होतीत तुम्ही. पट्टी सगळ्यांसमोर आणि पोळी दार लोटून, हा कुठला हिशेब? त्या वर्गात पुढे मी तोंड उघडलं नाही. पाढा म्हण म्हटलं की पाढा म्हणायची. पाचवीत वडिलांनी शाळेतून नाव काढलं तेव्हा तुम्हीही म्हणाला असाल, सुमार मुलगी होती. किंवा म्हणाला नसाल. घरी येऊन वडिलांना "हिला राहू द्या" असं म्हणाला नाहीत, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी दाराआड उभी राहून वाट बघत होते.

सुनेला सरांचं सांगितलं तर तिने एका वाक्यात निकाल लावला. "सरांचंच लिहायला सांगा ना, विषय मिळाल्याशी मतलब." मुलगा म्हणाला, "आई, तू इतना बोलके आई, अब क्या ख़ुद ही उल्टा बोलेगी? तिला तिचं ठरवू दे." दोघं वेगवेगळं बोलले आणि दोघांचं बरोबर वाटलं, म्हणून मी दोघांवरही ओरडले. नातीला सरांचा निरोप मी दिला. लपवला नाही. फाटकात सर जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वार्षिकच्या आधीचे दोन दिवस कॉपीत दोन्ही लिहून काढत होती, एका पानावर सरांचं आणि समोरच्या पानावर आपलं.

पत्राला पाकीट आणणार नाही. तुमच्या जयेंद्रगंजातल्या त्या दोन खोल्यांच्या जागी आता कोचिंग क्लास आहे, बाहेर टॉपर पोरांचे फोटो लावलेले. तिथल्या मुलांनी फोडून वाचलं तर हसतील. पण लिहायला बसले आहे तर आज सकाळचं लिहून टाकते, ते कुणाला सांगितलेलं नाही.

तिच्या शाळेत दोन वेण्या लागतात, वर दुमडून, पांढऱ्या रिबिनी लावून. त्या मीच घालून देते. आज वार्षिकचा कंप्यूटरचा पेपर; ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, मांडीवर पट्टी आणि पेनं. पहिली वेणी झाली. दुसरी निम्म्यावर आली तेव्हा मागे न वळता म्हणाली, "आजी, माझं लिहू की सरांचं?" दुसरी रिबीन माझ्या दातांत धरलेली होती. मी पेड घालत राहिले. "बता ना आजी. तू सांगशील ते लिहीन." वेणी शेवटाला आली. आता रिबीन तोंडातून काढायची, बांधायची, आणि तोंड मोकळं. सगळ्या हजिऱ्याला ठाऊक आहे की माझं तोंड कधी कुणापुढे बंद राहिलं नाही. मी रिबीन तशीच दातांत ठेवली, ती वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला लागले. तिला वाटलं, वाकडी झाली असेल. बसून राहिली, मग दप्तराचा बस्ता उचलून पेपरला गेली.

सोडली ती वेणी चांगली सरळ पडली होती, बाई.